कामापाशी येणारी अवजारं

प्रस्तावना

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, दुचाकीच्या गॅरेजमध्ये किंवा फॅब्रिकेशनच्या गाळ्यात तासभर उभं राहून नुसतं बघावं. काम करणाऱ्याचे हात जितके चालतात, जवळजवळ तितकेच पाय चालत असतात. 12-13चा पाना भिंतीवरच्या खिळ्याला, पक्कड टेबलावर, ग्राइंडर कोपऱ्यात आणि एक्स्टेन्शन बोर्ड दुसऱ्याच कुणीतरी नेलेला. पाना घेऊन परत यावं तर कळतं, नट 14-15चा आहे. पुन्हा फेरी. दुपार कलली की माणूस या फेऱ्या टाळायला लागतो. हातात असलेल्या पान्यावर भागवून बघतो, पाना सटकतो, नटाच्या कडा गोल होतात आणि पाच मिनिटांचं काम तासावर जातं. त्याला काम येत नाही असं अजिबात नसतं. योग्य अवजार योग्य वेळी हाताशी नसतं, एवढंच.

यावरचा तोडगा जुना आणि साधा आहे: अवजारांना चाकं लावायची. कमरेएवढ्या उंचीची, एका हाताने ढकलता येईल अशी गाडी करायची, रोज लागणारं सगळं तिच्यावर ठेवायचं आणि जिथे काम असेल तिथे तिला घेऊन जायचं. बाजारात अशा ट्रॉल्या तयार मिळतात. पण हा संग्रह घरी किंवा आपल्याच वर्कशॉपमध्ये बनवलेल्या गाड्यांबद्दल आहे, आणि त्यामागे निव्वळ पैसे वाचवण्याचा विचार नाही. तयार ट्रॉली कुणाच्या तरी सरासरी कामासाठी बनलेली असते. ज्याची जमीन शहाबादी फरशीची आहे, ज्याचा दरवाजा अडीच फुटांचा आहे आणि ज्याला दिवसभर रिंगपाने लागतात पण हातोडी आठवड्यातून एकदा, त्याची गाडी त्यालाच आखावी लागते. ती आखताना आपण रोज नेमकं काय करतो, हे पहिल्यांदाच नीट तपासलं जातं. मला या विषयाचं सगळ्यात मोठं मोल तिथे वाटतं.

चाकांवर फळी ही कल्पना किती जुनी आहे याचा एक पुरावा आपल्याच मातीत सापडला. 1974 साली प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबाद इथे चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. बैल जोडलेला आणि सारथी उभा असलेला रथ त्यांत आहे, तसेच हत्ती, गेंडा आणि रेडाही आहेत. हे प्राणी चाकांवर ओढण्यासाठी घडवलेले आहेत. अभ्यासकांत त्यांच्या काळाबद्दल चर्चा आहे, पण बरेच जण त्यांना उत्तर हडप्पा काळातले, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे मानतात. या संग्रहाच्या वाचकाने रेड्याची बैठक खास बघावी. एक सपाट पाटा, खाली दोन आस, चार भरीव चाकं. आज आपण प्लायच्या तुकड्याखाली चार कॅस्टर लावतो, तिथे फार काही बदललेलं नाही.

बदल झाला तो चाकात, आणि चाकाला तो करायला लावला जमिनीने. बैलगाडीचं चाक माणसाच्या छातीला लागेल इतकं मोठं असायचं, कारण रस्ता खड्ड्यांचा आणि चिखलाचा होता. बाभळीचा तुंबा आणि आरे सुताराने जुळवायचे, लोहाराने लोखंडाची धाव गोवऱ्यांच्या जाळात तापवून, फुगवून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतून आवळायची. तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं आणि सगळे सांधे घट्ट धरून ठेवतं. मुंबईत मशीद बंदर आणि क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत माल वाहणाऱ्या हातगाड्यांची चाकंही याच घराण्यातली. ज्यांनी ही चाकं घडवली त्या सुतार-लोहारांची स्वतःची अवजारं मात्र पिशवीत, पेटीत किंवा खांद्यावर असत. न्हाव्याची धोकटी ही आपल्याकडची सर्वांत नेटकी फिरती अवजारपेटी म्हणावी लागेल: कातडी घड्या, प्रत्येक हत्याराला ठरलेला कप्पा, काखेत मावेल एवढा आकार. घिसाडी मंडळी भाता आणि ऐरणीसह सगळा संसारच गाडीवर घालून गावोगाव फिरायची. अवजारांनी कामापाशी जायचं, ही रीत त्यांच्याकडे पोटापाण्याची गरज म्हणून होती.

या परंपरेत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो सायकलवरचा धारवाला. त्याची सायकल म्हणजे गाडी आणि यंत्र दोन्ही. गल्लीत येईपर्यंत ती वाहन असते. मग तो तिला जाड स्टँडवर चढवतो, मागचं चाक अधांतरी होतं आणि पायडल मारलं की पट्ट्याने दांडीवरचा धारेचा दगड फिरायला लागतो. सीटवर बसून, दगड बरोबर पोटाच्या उंचीवर, दोन्ही हात मोकळे. ठिणग्या अंगाकडे न येता पुढे उडाव्यात अशी दगडाची दिशा. एक डबा पाण्याला, एक चिंधी पुसायला. काम करताना शरीर कुठे असेल, हात कुठे असतील आणि वजन कुठे टेकेल, हे तिन्ही प्रश्न या माणसाने कागदावर एक रेघही न ओढता सोडवलेले असतात. चांगली अवजारगाडी कशी असावी याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

पश्चिमेत या गाडीचा इतिहास पेटीपासून सुरू होतो. सुतार आणि यंत्रकामगारांची लाकडी पेटी हा तिथे अभिमानाचा विषय होता. अमेरिकेत ओहायोतल्या डेटन गावी हॅरी गर्स्टनर या पॅटर्नमेकरने 1906 साली यंत्रकामगारांसाठी ओक लाकडाच्या, आतून फेल्ट लावलेल्या खणांच्या पेट्या करायला सुरुवात केली. त्या पेट्या आजही बनतात. मॅसॅच्युसेट्समधल्या एच. ओ. स्टडली या पियानो बनवणाऱ्या कारागिराची भिंतीवरची पेटी तर दंतकथेसारखी झाली आहे. महोगनी, आबनूस आणि शिंपल्यांच्या त्या कपाटात अडीचशेहून अधिक अवजारं एकमेकांत अडकवून बसवलेली आहेत. पण पेटी कितीही देखणी असली तरी ती उचलावी लागते किंवा तिच्यापाशी जावं लागतं. मोटारगाड्या आल्या आणि काम पेटीपाशी येईनासं झालं. शिवाय 1920 साली मिलवॉकीत जोसेफ जॉन्सनने पाच हँडलं आणि त्यांवर बसणाऱ्या बदलत्या गोट्या असा पान्यांचा संच विकायला आणला, त्यातून स्नॅप-ऑन कंपनी उभी राहिली, आणि एका मेकॅनिककडे शेकडो सुट्या तुकड्यांचा ढीग जमू लागला. उथळ खणांचं, चाकांवर फिरणारं पत्र्याचं कपाट हे त्या ढिगाला मिळालेलं उत्तर होतं. आज आपल्याकडच्या कार शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जे लाल किंवा निळं कपाट दिसतं, त्याचं मूळ तिथे आहे.

दुसरा प्रवाह श्रमाच्या अभ्यासातून आला. फ्रँक गिलब्रेथने गवंड्यांचं काम बारकाईने पाहिलं. प्रत्येक विटेसाठी माणूस संपूर्ण शरीर वाकवून खाली जातो आणि वर येतो, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने विटा आणि चुना हाताच्या उंचीवर ठेवणारी, भिंतीबरोबर वर सरकणारी परांची केली आणि एका विटेमागच्या 18 हालचाली पाचावर आणल्या. त्याची पत्नी लिलियन गिलब्रेथ हिने हीच नजर स्वयंपाकघराकडे वळवली. 1929 साली ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी तिने आखलेल्या स्वयंपाकघरात ओटा, शेगडी आणि तिसरं चाकांवरचं टेबल अशी रचना होती. एक केक करताना चालावी लागणारी पावलं 281 वरून 45 वर आली, असं त्या वेळच्या चाचणीत दिसलं. अवजारगाडीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने लिलियनबाईंचं ते टेबल लक्षात ठेवावं. वर्कशॉपच्या इतिहासात तिचं नाव क्वचित येतं, आणि हे मला मनापासून खटकतं.

मग कारखाने, दवाखाने, दुकानं सगळीकडे गाड्या पसरल्या. ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने 1937 साली घडीच्या खुर्चीवरून सुचलेली खरेदीची ढकलगाडी आणली. जपानी कारखान्यांत प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा आणि ती रिकामी असेल तर लगेच दिसावी, ही शिस्त आली. पाइप आणि जोड वापरून कामगारांनीच आपली गाडी जुळवायची, बिघडली तर उघडून पुन्हा वेगळी जुळवायची, ही पद्धतही तिथे रुजली. इस्पितळातल्या आणीबाणीच्या ट्रॉलीत खणांचा क्रम ठरलेला असतो आणि तो रोज तपासला जातो. ही सगळी आपल्या गाडीची भावंडं आहेत.

घरी गाड्या बनवणाऱ्यांत आज काही ठळक पंथ दिसतात. पहिला पंथ खणवाल्यांचा. सगळं बंद, सगळं कप्प्यात, धूळ नाही, कुलूप लावता येतं. याचा दोष असा की खण उघडल्याशिवाय आत काय आहे हे कळत नाही आणि वरच्या वस्तू काढल्याशिवाय खालची निघत नाही. दुसरा पंथ उघड्या गाडीचा. याचा बोलका पुरस्कर्ता म्हणजे चित्रपटांसाठी प्रतिकृती बनवणारा आणि पुढे ‘मिथबस्टर्स’मुळे जगाला माहीत झालेला अ‍ॅडम सॅव्हेज. कुठलंही अवजार उचलताना दुसरं अवजार बाजूला करावं लागू नये, हा त्याचा नियम. ‘एव्हरी टूल्स अ हॅमर’ या 2019 सालच्या पुस्तकात त्याने तो सविस्तर मांडला आहे. तिसरा पंथ गाडीलाच कामाचं टेबल मानतो: वर जाड फळी, बाजूला वाइस, खाली यंत्र. यातला एक सुंदर प्रकार म्हणजे उलटणाऱ्या फळीची गाडी. फळीच्या एका तोंडाला ग्राइंडर, दुसऱ्या तोंडाला मिटर सॉ. खिट्टी काढून फळी उलटवली की यंत्र बदललं. चौथा पंथ एकावर एक बसणाऱ्या प्लास्टिकच्या खोक्यांचा आहे. जर्मन सिस्टेनर आणि अलीकडचा पॅकआउट या संचांनी तो लोकप्रिय केला. साइटवर जाणाऱ्यांना तो सोयीचा, पण प्रत्येक खोकं त्याच कंपनीचं घ्यावं लागतं. आणि या सगळ्यांच्या उलट बाजूला ख्रिस्टोफर श्वार्झसारखे लोक आहेत. 2011 साली आलेल्या ‘द अ‍ॅनार्किस्ट्स टूल चेस्ट’ या पुस्तकात तो म्हणतो की मुळात अवजारं कमी ठेवा, चांगली ठेवा, ती एका पेटीत मावतील.

आपल्याकडचा पंथ कुठल्याही पुस्तकात नाही, पण तो आहे. भंगारातून गाडी करणाऱ्यांचा. जुन्या वॉशिंग मशीनचा सांगाडा, इस्पितळातून लिलावात निघालेली ट्रॉली, ऑफिसच्या खुर्चीचा पंचपायी बुडखा, स्कूटीची रिंग, गॅस सिलिंडरची गाडी. यातल्या काही रचना अत्यंत बुद्धिमान आहेत आणि काही धोकादायक. जुगाड म्हणून सगळ्यांनाच टाळ्या वाजवायची जी सवय लागली आहे ती मला मान्य नाही. ज्या गाडीवर 80 किलो लोखंड आहे ती कलंडली तर पाय मोडतो. या संग्रहात भंगारातल्या गाड्याही आहेत, पण प्रत्येक गाडी भरून, उतारावर आणि फरशीच्या कडेवरून चालवून बघितलेली आहे.

मी स्वतः उघड्या गाडीच्या बाजूचा आहे. पण कोकणातली खारी हवा आणि जूनपासूनचा पाऊस यांत उघडा पाना आठवड्यात तांबडा होतो, म्हणून वरचे दोन थर उघडे आणि खाली एक बंद, तेलाच्या फडक्याचा खण, ही तडजोड मला सर्वांत शहाणी वाटते.

आता चाकाबद्दल. नवा माणूस गाडी आखायला बसतो तेव्हा वरून सुरुवात करतो: किती कप्पे, कुठे हुक, ड्रिलला कुठे भोक. चाकं शेवटी, उरलेल्या पैशांत. हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एक साधं गणित मांडतो. गाडी भरून 100 किलोची, म्हणजे पुढच्या दोन चाकांवर साधारण 50 किलो. समोर फरशीची 6 मिमी उंच कड. चाक 50 मिमी व्यासाचं असेल तर ती कड चढायला आसाच्या उंचीवर सुमारे 43 किलोचा आडवा जोर लागतो. चाक 125 मिमीचं असेल तर तोच जोर सुमारे 24 किलोवर येतो. लहान चाकाची गाडी कडेपाशी थबकते, माणूस वरून जोरात ढकलतो, आणि वजन वर असेल तर गाडी पुढच्या चाकांवरून तोंडावर येते. घरगुती गाड्यांचे अनेक अपघात असेच होतात.

वळणाऱ्या कॅस्टरमध्ये एक गंमत आहे, आणि ती कळली की अर्ध्या अडचणी सुटतात. वळण्याचा खिळा आणि चाकाचा आस एका रेषेत नसतात. चाक खिळ्याच्या थोडं मागे असतं, म्हणून गाडी कुठल्याही दिशेला गेली तरी ते आपोआप मागे पडतं आणि रांगेत येतं. पण याचाच अर्थ असा की गाडी उलट ढकलली की चारही चाकं फिरतात, एका बाजूची दोन आत येतात आणि त्या बाजूला गाडीचा आधार तेवढा कमी होतो. 450 मिमी रुंद गाडीचं वजन 600 मिमी उंचीवर केंद्रित असेल तर ती सुमारे 20 अंश कलली की पडते. तेच वजन 350 मिमीवर आणलं तर तिला 32 अंशांपर्यंत धीर असतो. त्यातून कॅस्टर आत वळले तर हे आकडे आणखी खाली येतात. म्हणून जड वस्तू खाली, हा नियम. आणि एका वेळी एकच खण उघडायचा, हा दुसरा.

चाकाची क्षमता काढताना एकूण वजनाला चाराने भागण्याचा मोह होतो. भागायचं तिनाने. आपली जमीन कधीच सपाट नसते. कोबा असो की शहाबादी, एक चाक कुठेतरी अधांतरी असतंच आणि तीन चाकं सगळा भार घेतात. 120 किलोच्या गाडीला प्रत्येक चाक किमान 40 किलोचं हवं. नायलॉनचं चाक जोर सहन करतं, पण फरशीच्या सांध्यांवर दिवसभर खडखडतं. साध्या रबराचं चाक शांत, पण गाडी महिनाभर एका जागी उभी राहिली की टेकलेल्या ठिकाणी चपटं होतं आणि मग थडथडत चालतं. बहुतेक वर्कशॉपना पॉलियुरेथेन, म्हणजे बाजारात पीयू म्हणून मिळणारं चाक, सर्वांत बरं. पुढची दोन स्थिर आणि हँडलकडची दोन वळणारी घेतली तर गाडी सरळ धावते. चारही वळणारी घेतली तर ती अडचणीच्या जागेत आडवी सरकते, पण उतारावर हात सोडून चालत नाही. अशा गाडीला निदान दोन चाकांना ब्रेक हवेच, आणि ब्रेक नुसतं फिरणं थांबवणारा नको, वळणंही थांबवणारा हवा.

या संग्रहातल्या एका गाडीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ती बघून गाडीचा विचार कसा करावा हे मला नव्याने समजलं. ती इचलकरंजीतल्या एका जॉबरची, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराची आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये मागांच्या दोन ओळींमधली वाट इतकी अरुंद असते की तयार ट्रॉली आत शिरतच नाही. त्याने गाडी 350 मिमी रुंद ठेवली, 25 मिमीच्या चौरस पाइपात बांधली, आणि अरुंदपणामुळे ती कलंडू नये म्हणून खालच्या थरात पिकिंगचे जड सुटे भाग आणि वरच्या थरात फक्त पाने ठेवले. एका बाजूला पान्यांची उभी पट्टी, प्रत्येक पान्यामागे त्याच्याच आकाराचा रंगवलेला ठसा, म्हणजे पाना मागावर राहिला तर जागा रिकामी दिसते. यंत्रमाग चालू असताना आत राहिलेला पाना काय करतो हे त्या शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. खरा विचार मात्र चाकांत आहे. शेडमध्ये सुताचा कचरा सतत जमिनीवर असतो. साध्या कॅस्टरमध्ये तो आसाभोवती गुंडाळत जातो आणि काही दिवसांत चाक जाम होतं. त्याने चाकाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या तबकड्या बसवल्या, म्हणजे सूत आसापर्यंत पोचत नाही. अशा तबकड्यांचे कॅस्टर बाजारात मिळतात हे त्याला नंतर कळलं. त्याने ते आधी स्वतः शोधून काढलं होतं. त्याच्या गाडीचा आराखडा पुस्तकात दिला आहे, पण तो जसाच्या तसा करू नका. तुमच्या शेडच्या जमिनीवर काय पडलेलं असतं, ते आधी बघा.

हा विषय आत्ताच मांडण्यामागे काही कारणं आहेत. बॅटरीवर चालणारी ड्रिल, ग्राइंडर, इम्पॅक्ट ड्रायव्हर आल्यापासून कामाची जागा प्लगपासून सुटली आहे. यंत्र कुठेही नेता येतं, मग अवजारांनीही सोबत जायला हवं. शहरांतले गाळे लहान झाले, भाडी वाढली. भिंतीवर फळ्या ठोकायला मालकाची परवानगी नसते, पण गाडी आपली आपल्याबरोबर दुसऱ्या गाळ्यात जाते. तिसरं कारण शरीराचं आहे. पाच कप्प्यांची लोखंडी पेटी भरली की सहज 20 किलोच्या पुढे जाते. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने 1991 साली सुधारलेल्या सूत्रात आदर्श स्थितीतही उचलायच्या वजनाची मर्यादा 23 किलो धरली आहे, आणि वस्तू जमिनीवरून, अंगापासून लांब किंवा वळून उचलावी लागली तर ही मर्यादा भराभर खाली येते. आपले प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि फिटर ती पेटी दिवसातून अनेकदा याच रीतीने उचलतात. पन्नाशीला कंबर गेलेला कारागीर ही आपल्याकडे इतकी सवयीची गोष्ट झाली आहे की तिच्यावर कुणी बोलत नाही. बोललं पाहिजे.

चौथं कारण शिक्षणाचं. हाताने काम करत शिकण्याचा महाराष्ट्रातला एक भक्कम प्रयोग म्हणजे शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी 1983 साली तो सुरू केला. शेती, वीज, बांधकाम, लोखंडकाम अशी खरी कामं करत मुलं विज्ञान शिकतात, ही त्यांची भूमिका होती, आणि त्यातून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम अनेक शाळांत पोचला. 2002 साली तिथे फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेच्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर काम करायला सांगतं. त्या दहा दिवसांत करायला अवजारगाडीइतका चांगला प्रकल्प मला दुसरा सुचत नाही. त्यात मोजमाप आहे, काटकोन आहे, गुरुत्वमध्य आहे, तरफ आहे, घर्षण आहे, धातू आणि लाकूड दोन्ही आहेत. चौकट टॅक करून दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले तरच पक्कं वेल्डिंग करायचं, हे एकदा हाताने केलेल्या मुलीला आयताचा गुणधर्म पाठ करावा लागत नाही. आणि काम संपल्यावर ती वस्तू शाळेच्या उपयोगी पडते. फाइलमध्ये पडून राहत नाही.

हा संग्रह कसा वाचावा, एवढं सांगायचं राहिलं. यात गाड्या कामाच्या जागेनुसार आल्या आहेत. गॅरेज, सुतारकाम, यंत्रमाग, शाळेची कार्यशाळा, शेतातली पंपदुरुस्ती, मच्छीमार नौकांच्या इंजिनाचं काम. प्रत्येक लेखक आपल्या हाताने काम करणारा आहे, आणि प्रत्येकाने जागेपासून सुरुवात केली आहे: जमीन, दरवाजा, वाट, ओल. म्हणून स्वतःच्या धंद्याचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल, पण एक परक्या धंद्याचं जरूर वाचावं. शेतातल्या गाडीला हवेचं मोठं चाक का लागतं हे कळल्यावर गॅरेजवाल्याला आपल्या दारापुढच्या उंबऱ्याचा प्रश्न वेगळा दिसतो. बंदरावरच्या गाडीत लोखंडी कॅस्टर मीठ खातात म्हणून स्टेनलेसचे आले, आणि पत्र्याऐवजी आयएस 710चा मरीन प्लाय आला. घाटमाथ्यावर पाऊस झेलणाऱ्या माणसालाही त्यातून घेण्यासारखं आहे.

वेल्डिंग किंवा सुतारकाम शिकवणं हे या पुस्तकाचं काम नाही. ज्याला ते येत नाही त्याच्यासाठी दोन गाड्या फक्त नटबोल्ट आणि स्लॉटेड अँगलमध्ये दिल्या आहेत. मोटार बसवलेल्या गाड्या मुद्दाम वगळल्या, कारण त्यांचे धोके वेगळे आहेत आणि त्यांना वेगळं पुस्तक हवं. कुठल्याही गाडीची किंमत दिलेली नाही. लोखंडाचा भाव महिन्याला बदलतो. त्याऐवजी साहित्याचं वजन दिलं आहे: 25 मिमीचा, 1.6 मिमी जाडीचा चौरस पाइप मीटरला साधारण 1.2 किलो भरतो, तेव्हा 6 मीटरची एक लांबी म्हणजे सात किलो. दुकानात जाऊन त्या दिवशीच्या भावाने गुणलं की झालं. मापं मिलिमीटरमध्ये आहेत आणि शेजारी इंच व सुतातही, कारण आपल्या बहुतेक कारागिरांची पट्टी आजही सुतात वाचली जाते. जिथे दोन्हीत फरक पडेल तिथे मिलिमीटरचं माप प्रमाण धरावं. आराखड्यांत रुंदी मुद्दाम कोरी सोडली आहे. आपला सर्वांत अरुंद दरवाजा चौकटीच्या आतून मोजायचा, त्यातून हँडल धरणाऱ्या हातासाठी दोन्ही बाजूंना 40-40 मिमी वजा करायचे आणि येणारा आकडा पेन्सिलने तिथे लिहून मग पाइप कापायला घ्यायचा.